मोजणी आणि पारख

1943 साली बंगळूरहून निघणाऱ्या ‘करंट सायन्स’ या नियतकालिकात पंचविशीतल्या एका तरुणाचा छोटासा शोधनिबंध छापून आला. प्रल्हाद चुनीलाल वैद्य हे त्याचं नाव. जन्म सौराष्ट्रातला, उच्च शिक्षण मुंबईच्या रॉयल इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समधलं आणि गुरू कोल्हापूरचे विष्णु वासुदेव नारळीकर. केंब्रिजमध्ये शिकून आलेले नारळीकर 1932 पासून बनारस हिंदू विद्यापीठात होते. आइन्स्टाइनच्या सापेक्षता सिद्धांतावर काम करणारा एक लहानसा पण कसदार गट त्यांनी तिथे उभा केला होता. वैद्य 1942 मध्ये त्यांच्याकडे गेले.

त्या निबंधातला प्रश्न साधा होता, उत्तर अवघड होतं. ताऱ्याभोवतीच्या गुरुत्वाचं गणित श्वार्झशिल्डने 1916 मध्येच मांडलं होतं, पण त्याचा तारा प्रकाश फेकत नव्हता. खरा तारा रात्रंदिवस ऊर्जा बाहेर टाकतो आणि त्या मानाने त्याचं वस्तुमान घटत जातं. अशा ताऱ्याभोवतीचं अवकाश कसं असेल, याचं नेमकं उत्तर वैद्यांनी काढलं. पुढे वीस वर्षं त्या उत्तराची जगात फारशी कुणाला गरज पडली नाही. वैद्य महाविद्यालयांतून गणित शिकवत राहिले. 1963 मध्ये क्वेसारचा शोध लागला. त्यांच्यातून निघणारी एवढी प्रचंड ऊर्जा कुठून येते, या प्रश्नामागे खगोलशास्त्रज्ञ लागले, कोसळणाऱ्या ताऱ्यांचं गणित मांडलं जाऊ लागलं आणि ‘वैद्य मेट्रिक’ हे नाव सापेक्षतेच्या पाठ्यपुस्तकांत गेलं. पुढे हॉकिंगने कृष्णविवरंही हळूहळू झिजतात असं दाखवलं, तेव्हा त्या झिजेचं वर्णन करायलाही हेच गणित कामी आलं.

1953 साली एखाद्या समितीने वैद्यांच्या निबंधाचा उल्लेख किती जणांनी केला हे मोजलं असतं, तर हाती फारसं काही लागलं नसतं. पण तेव्हा असं कुणी मोजत नसे. निबंध चांगला की सुमार हे त्या विषयातली माणसं तो वाचून ठरवत, आणि वैद्यांच्या बाबतीत नारळीकरांसारखा वाचणारा होता. वाचून ठरवण्याच्या या रीतीपासून आकड्यावरून ठरवण्याच्या रीतीपर्यंत आपण कसे आलो, आणि त्या प्रवासात कळवणसारख्या तालुक्याच्या गावी भौतिकशास्त्र शिकवणाऱ्या माणसाच्या वाट्याला काय आलं, त्याची ही हकीकत आहे.

तिची सुरुवात अमेरिकेत होते. तिथल्या वकिलांकडे 1873 पासून ‘शेपर्ड्स सायटेशन्स’ नावाची सूची होती. एखाद्या जुन्या निकालाचा आधार पुढच्या कोणकोणत्या खटल्यांत घेतला गेला, तो उचलून धरला गेला की फेटाळला गेला, हे तिच्यात सापडे. युजीन गारफिल्ड या तरुण माहितीतज्ज्ञाला ही कल्पना विज्ञानासाठी मोलाची वाटली. 1955 मध्ये त्याने ‘सायन्स’ साप्ताहिकात ती मांडली. 1964 मध्ये त्याच्या फिलाडेल्फियातल्या संस्थेने ‘सायन्स सायटेशन इंडेक्स’चे पहिले पाच खंड काढले. त्यांत 613 नियतकालिकं आणि सुमारे 14 लाख संदर्भ होते.

गारफिल्डचा हेतू शोधाशोध सोपी करण्याचा होता. एका निबंधाचा धागा धरून त्याच्यावर उभ्या राहिलेल्या पुढच्या कामापर्यंत पोचता यावं, चुकीच्या निष्कर्षांवर कुणी आक्षेप घेतला असेल तर तो दिसावा, हे त्याचं स्वप्न होतं. ‘इम्पॅक्ट फॅक्टर’ही याच कामातून आला. एखाद्या नियतकालिकाने मागच्या दोन वर्षांत छापलेल्या निबंधांना चालू वर्षात मिळालेले उल्लेख घ्यायचे, त्यांना त्या दोन वर्षांतल्या निबंधांच्या संख्येने भागायचं, की तो आकडा मिळतो. कुठली नियतकालिकं सूचीत घ्यावीत आणि ग्रंथालयाने कशावर पैसे खर्चावेत, हे ठरवायला तो उपयोगी होता. पण ती सरासरी आहे. थोड्या निबंधांना भरपूर उल्लेख मिळतात, बाकीच्या बहुतेकांना मोजके. एकेका निबंधाची किंवा एकेका माणसाची लायकी त्या सरासरीतून कळण्याची काही सोय नाही.

त्या काळात नाशिक जिल्ह्यात दुसरंच एक उदाहरण घडत होतं. देवळालीच्या शाळेत 1930 ते 1962 गणित शिकवणारे दत्तात्रय रामचंद्र कापरेकर संख्यांच्या गुणधर्मांवर एकट्याने काम करत होते. हाताशी विद्यापीठाची जागा नव्हती, डॉक्टरेट नव्हती. काही निबंध परदेशी नियतकालिकांत आले, बरंचसं काम त्यांनी पदरच्या पैशाने छोट्या पुस्तिका काढून प्रसिद्ध केलं. 1975 मध्ये मार्टिन गार्डनरने ‘सायंटिफिक अमेरिकन’मधल्या आपल्या सदरात त्यांच्यावर लिहिलं आणि 6174 हा कापरेकर स्थिरांक जगभर पोचला. कापरेकर भौतिकशास्त्रज्ञ नव्हते, पण त्यांची गोष्ट इथे सांगायलाच हवी. शाळेतल्या एका शिक्षकाच्या पुस्तिकांना कुठल्याही तक्त्यात गुण नव्हते. त्यांना न्याय मिळाला तो कुणीतरी त्या उघडून वाचल्या म्हणून.

भौतिकशास्त्रज्ञाला एका आकड्यात बसवण्याचं काम अखेर एका भौतिकशास्त्रज्ञानेच केलं. होर्हे हर्श हा मूळचा अर्जेंटिनाचा, कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सॅन दिएगो शाखेत अतिवाहकतेवर काम करणारा. 2005 मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान अकादमीच्या मुखपत्रात त्याने एक निर्देशांक सुचवला. तोच आजचा एच-इंडेक्स. कृती सोपी आहे. आपले निबंध सर्वाधिक उल्लेखांपासून उतरत्या क्रमाने लावायचे. समजा उल्लेख 40, 22, 15, 9, 6, 5, 2 असे आहेत. पाचव्या निबंधाला 6 उल्लेख आहेत, म्हणजे पाचपेक्षा कमी नाहीत. सहाव्याला 5 आहेत, म्हणजे सहापेक्षा कमी. तर एच-इंडेक्स झाला 5. एकच गाजलेला निबंध किंवा पोत्याने लिहिलेले दुर्लक्षित निबंध, या दोन्हींनी हा आकडा फार वाढत नाही. त्यातलं शहाणपण ते हेच. हर्शने तेव्हा भौतिकशास्त्रज्ञांची यादीही दिली होती. तिच्यात एडवर्ड विटेन 110 वर, सर्वांच्या पुढे होता.

हे हत्यार सोपं असल्यामुळे झपाट्याने पसरलं. 2004 मध्ये सुरू झालेल्या स्कोपस आणि गूगल स्कॉलर यांनी मोजणी कुणालाही घरबसल्या करता येईल अशी केली. पण एकाच माणसाचा एच-इंडेक्स या दोन ठिकाणी वेगवेगळा निघतो, कारण गूगल स्कॉलर प्रबंध, परिषदांची टिपणं आणि नाना प्रकारची नियतकालिकं धरतं, तर स्कोपसची सूची निवडक आहे. शिवाय विषयागणिक रीत वेगळी. मटेरियल सायन्समध्ये माणसं जास्त, निबंध जास्त, प्रत्येक निबंधाखाली संदर्भ जास्त. सापेक्षतेच्या गणितात यातलं सगळंच थोडं. दोन्हीकडचे आकडे शेजारी ठेवून माणसांची तुलना केली तर ती चुकणारच.

आपल्याकडे आकड्यांना खरी धार आली 30 जून 2010 रोजी. त्या दिवशी विद्यापीठ अनुदान आयोगाने प्राध्यापकांच्या नेमणुका आणि बढत्यांसाठी नवे नियम काढले आणि ‘एपीआय’, म्हणजे शैक्षणिक कामगिरीचा निर्देशांक, हा शब्द महाविद्यालयांच्या स्टाफरूममध्ये आला. शिकवणं, महाविद्यालयीन उपक्रम आणि संशोधन अशा तीन गटांत गुण मांडायचे. तज्ज्ञांनी तपासलेल्या नियतकालिकातल्या निबंधाला 15 गुण, तपासणी नसलेल्या पण आयएसएसएन क्रमांक असलेल्या नियतकालिकातल्या निबंधाला 10. इम्पॅक्ट फॅक्टर असेल तर वर भर. मुख्य लेखक आणि मार्गदर्शक यांना मिळून 60 टक्के, उरलेले 40 टक्के बाकीच्या सहलेखकांत समान. म्हणजे चौघांनी मिळून लिहिलेल्या 15 गुणांच्या निबंधात पहिल्याला साडेचार, मार्गदर्शकाला साडेचार आणि इतर दोघांना तीन-तीन. सहयोगी प्राध्यापकाच्या थेट नेमणुकीसाठी किमान 300 आणि प्राध्यापकपदासाठी 400 गुण लागत.

यामागचा हेतू वाईट म्हणता येणार नाही. तोवर बढती पुष्कळदा नोकरीच्या वर्षांवर आणि ओळखीपाळखीवर मिळे. नियम लिहिणाऱ्यांना कुणाच्या मर्जीवर न चालणारं, सर्वांना सारखं लागू पडणारं माप हवं होतं, आणि ज्याच्या पाठीशी कुणी नाही अशा शिक्षकाला अशा मापाचा आधार वाटणं स्वाभाविक होतं. चूक झाली ती दुसरीकडे. निबंध वाचून त्याचं मोल सांगण्याची जबाबदारी कुणावरच उरली नाही.

कळवणच्या बाजार समितीत कांद्याचा ट्रॅक्टर आला की व्यापारी आधी ट्रॉलीतला माल हातात घेऊन बघतो, रंग, आकार, पत्ती, ओल तपासतो, मग बोली लागते आणि त्यानंतर गाडी भुईकाट्यावर जाते. 2010 नंतर संशोधनाची गाडी थेट काट्यावर जाऊ लागली.

कळवणपासून नांदगावपर्यंत नाशिक जिल्ह्यातली महाविद्यालयं पुण्याच्या सावित्रीबाई फुले विद्यापीठाशी संलग्न आहेत. तिथल्या भौतिकशास्त्र विभागात काय परिस्थितीत संशोधन होतं, हे समजून घेतल्याशिवाय या गुणांचा अर्थ कळत नाही. कळवण तालुका बहुसंख्य आदिवासी. वर्गातली कितीतरी मुलं घरातून महाविद्यालयात येणारी पहिलीच. शिक्षकाचा दिवस तासिका, प्रात्यक्षिकं, परीक्षा आणि प्रवेशाच्या कामात जातो. उरलेल्या वेळात जे शक्य होतं ते विषयाच्या निवडीतही दिसतं. खानदेश आणि नाशिकच्या पट्ट्यातल्या अनेक भौतिकशास्त्रज्ञांनी जाड थराचे वायुसंवेदक, म्हणजे थिक फिल्म गॅस सेन्सर, हा विषय घेतला. अमळनेरच्या प्रताप महाविद्यालयाची प्रयोगशाळा त्यात आघाडीवर होती.

हे काम हाताशी असलेल्या साधनांत करता येतं. झिंक ऑक्साइड किंवा टिन ऑक्साइडची पूड बारीक वाटायची, सेंद्रिय द्रावणात तिची लुगदी करायची, ती जाळीतून ॲल्युमिनाच्या पट्टीवर छापायची आणि भट्टीत भाजायची. मग ती पट्टी बंद भांड्यात तापवून ठेवायची, सिरिंजने अमोनिया किंवा हायड्रोजन सल्फाइड मोजून सोडायचा आणि वायू लागताच पट्टीचा विद्युतरोध किती बदलतो ते टिपायचं. क्ष-किरणांनी स्फटिकरचना बघायला किंवा इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली पृष्ठभाग बघायला नमुने विद्यापीठात पाठवावे लागतात. अशा साध्या भांडवलावर झालेलं काम ‘सेन्सर्स अँड ॲक्च्युएटर्स’सारख्या नावाजलेल्या नियतकालिकात छापून आलं. 2006 मध्ये अमळनेरच्या प्रयोगशाळेतलं झिंक ऑक्साइड आणि अमोनिया यांच्यावरचं काम तिथे आलं. लहान गावातही अस्सल भौतिकशास्त्र होऊ शकतं, याचा याहून चांगला पुरावा नको.

अशा एका निबंधामागे महिनोन्‌महिने जातात. एपीआयच्या तक्त्यात मात्र त्याला काही गुण, आणि ज्या तथाकथित आंतरराष्ट्रीय नियतकालिकाने पैसे भरताच चार दिवसांत छापून दिलं त्यालाही जवळपास तितकेच गुण. शिवाय 2009 च्या नियमांनी पीएच.डी.चा प्रबंध देण्यापूर्वी एक तरी निबंध प्रसिद्ध करणं सक्तीचं केलेलं होतं. मागणी एकदम वाढली आणि तिच्यामागोमाग बाजार उभा राहिला. 2015 मध्ये शेन आणि ब्योर्क या अभ्यासकांनी जगभरच्या अशा लुबाडू नियतकालिकांचा अंदाज मांडला. 2010 मध्ये त्यांतून सुमारे 53,000 निबंध निघाले होते, 2014 मध्ये सुमारे 4,20,000. प्रकाशक आणि लेखक या दोन्हींत भारताचा वाटा सर्वांत मोठा होता.

आयोगाने जानेवारी 2017 मध्ये मान्य नियतकालिकांची यादी काढली. तिच्यात 38,000 हून अधिक नावं होती. त्यांतली काही हजार नावं विद्यापीठांच्या शिफारशीवरून आलेली, आणि खरा घोळ तिथेच होता. तो उघडा पाडला पुण्यातल्या अभ्यासकांनी. सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाचे भूषण पटवर्धन, ग्रंथालयशास्त्राच्या शुभदा नगरकर, रसायनशास्त्रज्ञ श्रीधर गद्रे, बनारसचे सुभाष लाखोटिया आणि त्यांचे सहकारी यांनी विद्यापीठांनी सुचवलेल्या 5,699 नियतकालिकांतून यदृच्छेने 1,336 निवडली. स्कोपस आणि वेब ऑफ सायन्स या सूचींतली 327 बाजूला काढून उरलेली 1,009 एकेक करून तपासली. सुमारे 34.5 टक्क्यांनी पत्ता, संकेतस्थळ, संपादकांची नावं अशी मूलभूत माहितीच दिलेली नव्हती किंवा चुकीची दिली होती. आणखी 52.3 टक्क्यांची माहिती खोटी निघाली. आयएसएसएन क्रमांक खोटा, इम्पॅक्ट फॅक्टर खोटा, नाहीतर संपादकांची पात्रता संशयास्पद. निष्कर्ष असा की यातली 88 टक्क्यांहून अधिक नियतकालिकं हलक्या दर्जाची असावीत. हा अभ्यास मार्च 2018 मध्ये ‘करंट सायन्स’मध्ये प्रसिद्ध झाला. वैद्यांचा निबंध छापणारं नियतकालिक ते हेच.

मे 2018 मध्ये आयोगाने यादीतून 4,305 नियतकालिकं काढून टाकली. नोव्हेंबरमध्ये ‘केअर’ हा नवा उपक्रम जाहीर झाला आणि त्याचं काम पुणे विद्यापीठाच्या प्रकाशननीती केंद्राकडे आलं. जून 2019 पासून नवी यादी लागू झाली. पीएच.डी.च्या विद्यार्थ्यांसाठी संशोधन आणि प्रकाशन नीतीचा दोन श्रेयांकांचा अभ्यासक्रम सक्तीचा झाला. या माणसांनी केलेलं काम मोलाचं आहे. त्यांनी कष्ट करून प्रत्येक नियतकालिक उघडून पाहिलं, म्हणजे जी गोष्ट सगळ्या व्यवस्थेने सोडून दिली होती ती पुन्हा केली.

तरीही यादी ही यादीच असते. तिच्यातल्या चांगल्या नियतकालिकांच्या नावाने हुबेहूब बनावट संकेतस्थळं निघू लागली, आणि यादीतल्या नियतकालिकातला प्रत्येक निबंध चांगला असतो असंही नाही. फेब्रुवारी 2025 मध्ये आयोगाने केअर यादी बंद केली. नियतकालिक कसं पारखावं याचे काही निकष सुचवले आणि निवडीची जबाबदारी संस्थांवर सोपवली.

2010 नंतरच्या याच काळात आकडा आणखी एका बाजूने डळमळीत झाला. मे 2015 मध्ये हिग्ज कणाच्या वस्तुमानावर निघालेल्या एका निबंधाला 5,154 लेखक होते. 33 पानांतली 24 पानं लेखकांच्या आणि त्यांच्या संस्थांच्या नावांनी भरली होती. फेब्रुवारी 2016 मध्ये गुरुत्वीय लहरींच्या शोधाची घोषणा झाली, त्या निबंधाला हजारावर लेखक होते. त्यात पुण्याच्या आयुका या खगोलशास्त्र संस्थेची माणसंही होती. तिथल्या संजीव धुरंधरांनी बी. एस. सत्यप्रकाश यांच्यासह गोंगाटातून अशा लहरींचा माग कसा काढावा याचं गणित 1991 मध्येच मांडलं होतं, लहर प्रत्यक्ष सापडण्याच्या चोवीस वर्षं आधी. हजारावर नावांच्या निबंधातला एक उल्लेख आणि दोघांनी मिळून लिहिलेल्या त्या जुन्या निबंधाला मिळालेला एक उल्लेख, एच-इंडेक्सच्या लेखी दोन्ही सारखेच. खुद्द हर्शनेही 2020 मध्ये लिहिलं की आपला निर्देशांक साफ फसू शकतो आणि त्याचे गंभीर दुष्परिणाम होऊ शकतात. अतिवाहकतेच्या रूढ सिद्धांताला विरोध करणारा हा शास्त्रज्ञ. प्रवाहाविरुद्धच्या कामाला उल्लेख मिळत नाहीत, हे त्याने स्वतःच अनुभवलं होतं.

या सगळ्यातून आकडे टाकून द्यावेत असा अर्थ मी काढत नाही. आकड्यामुळे अमळनेरचा निबंध कोरियात की इटलीत वाचला गेला हे कळू शकतं, आणि मोठ्या शहरातल्या मोठ्या नावामुळे झाकला गेलेला माणूस कधी कधी त्यानेच उजेडात येतो. पण आकडा सांगताना तो कुठल्या सूचीतला, कुठल्या शाखेतल्या आणि किती वर्षं काम केलेल्या माणसाचा, निबंधात त्या माणसाचा वाटा कोणता, हे सांगितलं पाहिजे. भौतिकशास्त्रात तरी हे पटायला हवं. एकक आणि त्रुटी न लिहिलेलं मापन आपण प्रात्यक्षिकाच्या वहीत विद्यार्थ्याला चालू देत नाही.

2025 नंतर नियतकालिकं पारखण्याचा निर्णय पुन्हा महाविद्यालयांच्या हाती आला आहे, आणि कळवणसारख्या ठिकाणी ती संधी आहे. बढतीची (‘कॅस’ची) फाइल घेऊन येणाऱ्या भौतिकशास्त्रज्ञाला निवडसमितीने इतकंच म्हणावं, ‘सर, तुम्हाला सर्वांत महत्त्वाचे वाटणारे तीन निबंध द्या.’ ते निबंध त्या विषयातल्या दोन जाणत्यांनी पूर्ण वाचावेत, त्यात नवं काय, मोजमापं विश्वासार्ह आहेत का, हे लेखी सांगावं. त्या शिक्षकाने तेच काम बी.एस्सी.च्या मुलांपुढे मराठीत समजावून सांगावं. ज्याने पट्टी स्वतः छापली, भाजली आणि तपासली आहे त्याला हे कठीण जात नाही. ज्याने निबंध विकत घेतला आहे तो पहिल्या प्रश्नालाच अडखळतो. यात वेळ जाईल, तज्ज्ञांना मानधन द्यावं लागेल, कधी मतभेद होतील. पण गेल्या पंधरा वर्षांत यादीमागून यादी आणि तक्त्यामागून तक्ता करण्यात आपण याहून कितीतरी जास्त वेळ घालवला. वैद्य आणि कापरेकर यांना त्यांच्या काळात निदान वाचणारे भेटले. कळवणच्या प्रयोगशाळेत प्रामाणिकपणे काम करणाऱ्या माणसाचा तेवढा हक्क आहे, आणि तो देणं आता कुठल्याही परिपत्रकावर अडलेलं नाही.